ढिलेपणा वेगळा, लवचीकपणा वेगळा

घरच्या छोट्या लेथवर पार्टिंग करताना, म्हणजे फिरता जॉब (कामाचा तुकडा) टूलनं कापून वेगळा करताना, टूल थरथरलं, जॉबवर लाटा उमटल्या, की ठाण्यात काय नि तुर्भ्यात काय, सल्ला एकच मिळतो: "गिब टाइट करा." मग माणूस गिब, म्हणजे स्लाइडमधली (सरकत्या भागातली) फट भरणारी पट्टी, आवळत जातो. स्लाइड इतकी जड होते की हँडल अडकत अडकत फिरतं, ती सरकवणारे स्क्रू आणि नट झिजतात, आणि लाटा तशाच राहतात. कारण दुखणं ढिलेपणाचं नव्हतंच, लवचीकपणाचं होतं.

ढिलेपणा सगळ्यांना कळतो. दोन भागांमधली मोकळी जागा. गिब नीट लावली की जाते. बॅकलॅश त्याचाच भाऊ, पण स्क्रू आणि नटमधला. हँडल नेहमी एकाच दिशेनं फिरवून आकड्यावर आणा, पुरे.

लवचीकपणात मोकळी जागा कुठेच नसते. लोखंड स्वतः वाकतं आणि जोर गेला की परत येतं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून पटत नाही, एवढंच. मशीन बंद करून मॅग्नेटिक स्टँड बेडवर (लेथच्या पायावर) लावा आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं मापक) टूलच्या टोकाशी वरून टेकवा. टूल पोस्ट (टूल पकडणारा भाग) हलक्या हातानं वर-खाली करा. काटा चटकन सरकून थांबला, तर ढिलेपणा. आता खाली दाबा, जोर वाढवत न्या. जोर वाढेल तसा काटा सरकत राहिला आणि हात काढताच शून्यावर आला, तर लवचीकपणा. तो कुठलीही गिब घालवू शकत नाही. टूलवर तेवढाच जोर देत डायल टूल पोस्टवर, कंपाउंडवर (त्याखालची, तिरकी फिरवता येणारी छोटी स्लाइड), क्रॉस स्लाइडवर (त्याखालची, आडवी सरकणारी) असा खाली आणत जा. जिथे आकडा एकदम घटेल, त्याच्या लगेच वरचा भाग दोषी. छोट्या मशीनवर तो बहुतेक वेळा कंपाउंडच निघतो.

टूल 20 मिमीऐवजी 40 मिमी बाहेर काढलं, तर त्याचा वाक दुप्पट नाही, आठपट होतो. चौकोनी टूल 10 ऐवजी 12 मिमीचं घेतलं, तर वाक जवळजवळ निम्मा. आणि हार्ड करून घेतलेला टूलचा होल्डर कमी वाकतो, हा समज कृपा करून सोडा. हार्डनिंगमुळे पोलाद झिजायला आणि कायमचं वाकायला कठीण होतं. पण तेवढ्याच जोराला ते लवतं साध्या एमएसइतकंच (माइल्ड स्टील).

माझं मत पक्कं आहे: कंपाउंड काढा आणि त्याच उंचीचा भरीव ब्लॉक क्रॉस स्लाइडवर चार बोल्टांनी बसवा. मी वागळे इस्टेटमधून कास्ट आयर्नचा तुकडा आणला, वरची-खालची बाजू तिथेच ग्राइंड करून घेतली. खालचा मधला भाग किंचित खोल घ्या, म्हणजे ब्लॉक मधोमध न डुलता कडांवर बसतो. टेपरचं (निमुळतं कापायचं) काम आलं की तेवढ्यापुरतं कंपाउंड परत चढवा.