जबड्याच्या सांध्याचे दुखणे

जबड्याच्या सांध्याचे दुखणे : (हनुसंधी-विकार). कानाच्या अगदी पुढे, खालच्या जबड्याचे हाड कवटीच्या शंखास्थीला जिथे मिळते तो सांधा आणि तो हलविणारे स्नायू यांच्या वेदनांना व अडखळणाऱ्या हालचालींना मिळून दिलेले नाव. दवाखान्यांत यास टीएमडी म्हणतात. टीएमजे हा शब्दही सर्रास ऐकू येतो. पण ते सांध्याचे नाव आहे, आजाराचे नव्हे. नाशिककडे रुग्ण ‘कानशील ठणकतं’, ‘जबडा धरला’, ‘घास चावताना कटकन वाजतं’ असे सांगतो, आणि दुखणे कानाशेजारचे म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडे जातो. कान निर्दोष निघतो, दुखणे मात्र राहते. या आजाराची बरीचशी हेळसांड इथूनच सुरू होते.

डाव्या-उजव्या सांध्यांना जोडणारे हाड एकच, त्यामुळे एका बाजूचा बिघाड दुसऱ्या बाजूलाही सोसावा लागतो. तोंड उघडताना हाडाचा गोल माथा आधी खाचेत फिरतो, मग दोन हाडांमधल्या चकतीसह पुढे घसरतो. ही चकती जागची सरकलेली असेल, तर ती पुन्हा माथ्यावर बसताना आवाज होतो. ती बसेनाशी झाली की आवाज बंद होतो आणि तोंड अडते. म्हणून आवाज थांबला म्हणजे बरे झाले, असे धरून चालू नये. उलट, वेदना नसलेला नुसता आवाज पुष्कळ निरोगी माणसांतही असतो व त्यास उपचार लागत नाहीत. प्रौढाचे तोंड साधारण ४० ते ५५ मिमी. उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे एकावर एक मावतील इतके. विकार स्त्रियांत, विशेषतः २० ते ४० या वयात, अधिक आढळतो.

प्राचीन उल्लेखांबाबत एकमत नाही. सुश्रुतसंहितेत ‘हनुमोक्ष’ (जबडा निखळणे) दंतरोगांत गणला आहे. निखळलेला जबडा शेकून जागी बसविण्याची व नंतर बांधण्याची कृती भग्नचिकित्सेत येते. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात (काळ बहुधा सहावे-सातवे शतक) ‘हनुस्रंस’ वातव्याधींत आहे. जीभ फार खरवडणे, कोरडे पदार्थ चावणे व मार लागणे ही त्याची कारणे. तोंड उघडेच राहणे किंवा मिटलेलेच राहणे, चावण्या-बोलण्यास त्रास होणे ही लक्षणे. काही अभ्यासक याला धनुर्वातातील दातखीळ मानतात. तथापि चावणे व आघात ही कारणे, आणि तोंड उघडे राहण्याचे लक्षण, ही धनुर्वाताशी नीट जुळत नाहीत. ती सांध्याकडेच बोट दाखवितात. तरी हनुस्रंस म्हणजेच आजचा टीएमडी, असे समीकरण मांडणेही घाईचे ठरेल.

कारणांविषयीच्या आधुनिक वादाची सुरुवात १९३४ मध्ये झाली. सेंट लुइस येथील कान-नाक-घशाचे वैद्य जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांच्या आधारे असे मांडले, की दाढा पडल्याने जबडा जास्त मिटतो, माथा मागे सरकतो व तेथील मज्जातंतू दाबला जातो. शरीररचनेच्या अभ्यासातून १९४० च्या दशकात हे स्पष्टीकरण ढासळले. परंतु ‘दोष दातांच्या जुळणीत’ हा समज टिकला आणि त्यापायी असंख्य निरोगी दात घासून झिजविले गेले. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी स्नायूंचा थकवा व मानसिक ताण यांना केंद्रस्थानी आणले. १९९२ मध्ये संशोधनासाठी निदान-निकष ठरले व २०१४ मध्ये ते सुधारून दवाखान्यांतील वापरासाठी आले. त्यांत सांध्याच्या तपासणीबरोबर झोप, चिंता आणि वेदनेमुळे रोजच्या जगण्यात येणारा अडथळाही नोंदला जातो. आज सांध्याबरोबर मनाचाही विचार करणाऱ्या या मताकडे कल आहे, आणि तो योग्य वाटतो.

आपल्याकडे एक फरक निदानापूर्वीच करावा लागतो. सुपारी-गुटख्याने गालाच्या आतील अस्तर कडक होऊनही तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन १९५२ मध्ये श्वार्ट्‌झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांवरून केले. १९५३ मध्ये जोशी यांनी त्यास आज रूढ असलेले, श्लेष्मल त्वचेखालील तंतुमयतेवरून आलेले नाव दिले. त्याची पहिली खूण बहुधा सांधेदुखी नसते, तिखट न सोसणे असते. मिसळीचा नेहमीचा रस्सा अचानक झोंबू लागला, गालात पांढरट पट्टे लागले, तर जबड्याचे व्यायाम करीत बसू नये; हा विकार कर्करोगपूर्व आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी सहज मिळते. अक्कलदाढेचा संसर्ग व धनुर्वात हीदेखील तोंड अडण्याची कारणे होत. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखून विश्रांतीने थांबत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करावी.

व्यवस्थापन : बहुसंख्य रुग्णांत दुखणे साध्या उपायांनी कमी होते, मात्र ते काही आठवडे नेटाने करावे लागतात. दिवसभर दात एकमेकांवर टेकू न देणे हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. विश्रांतीत दातांमध्ये २ ते ४ मिमी. अंतर असते, ‘ओठ मिटलेले, दात सुटे’ एवढे ध्यानात ठेवावे. दुचाकी चालविताना, मोबाइल पाहताना, निफाडकडच्या बोचऱ्या थंडीत दात नकळत आवळले जातात. दुखणे जोरात असताना मऊ खिचडी, वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी खावी. भाजलेले कणीस, फुटाणे, चिक्की आणि दाताने सोलायचा ऊस टाळावा. द्राक्षांना हरकत नाही, अख्खा पेरू मात्र फोडी करून खावा. तेच मऊ अन्न महिनोन्‌महिने चालू ठेवल्यास स्नायू दुबळे होतात, म्हणून वेदना उतरताच नेहमीच्या जेवणाकडे यावे. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. गालाला १५–२० मिनिटे कोमट शेक द्यावा. जीभ टाळ्याला लावून सावकाश तोंड उघडण्याचा व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाकडून एकदा शिकून घ्यावा.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दीर्घकालीन वेदनेसाठी देखरेखीखालील जबड्याचे व्यायाम, हाताने दिलेले उपचार आणि वेदनेकडे पाहण्याची सवय बदलणारे समुपदेशन यांना ठाम पसंती आहे. दातांची जुळणी कायमची बदलणाऱ्या साधनांना ठाम विरोध आहे. रात्री दातांवर लावायचे, काढता येणारे गार्ड काहींना आराम देते, सर्वांना नाही. झोपेत दात खाणाऱ्या मुलाला जंत झाले असा घरोघरचा समज आहे. त्यास पुरेसा आधार नाही.

नाशिकमध्ये पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, आणि म्हसरूळ येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील दंत, आयुर्वेद व भौतिकोपचार महाविद्यालये संलग्न आहेत.

शस्त्रक्रिया क्वचितच लागते. १९८० च्या दशकात अमेरिकेत चकतीऐवजी बसविलेली टेफ्लॉनयुक्त रोपणे झिजून भोवतालचे हाड खाऊ लागली व अनेकांचे दुखणे पूर्वीपेक्षा वाढले. ती बाजारातून काढून घ्यावी लागली. त्यामुळे कायमस्वरूपी उपाय सुचविला गेल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय संमती देऊ नये.