खाडीकाठच्या बंद कारखान्याच्या जागेवर उद्यान : अर्ज कोणाकडे करावा आणि तो परत का येतो

बंद पडलेल्या कारखान्याच्या खाडीकाठच्या जमिनीवर सार्वजनिक उद्यान करावे, यासाठी विहित नमुन्यातील असा कोणताही अर्ज अस्तित्वात नाही. ठाण्यात बाळकुम-कोळशेतच्या पट्ट्यात आणि नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडील बाजूला राहणारे अनेक जण हा नमुना शोधण्यातच पहिले वर्ष घालवतात. मागच्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे चार वर्षांची फाईल घेऊन आले होते. तिच्यातील प्रत्येक पत्र उद्यान विभागाच्या नावाने होते आणि प्रत्येक उत्तरात एकच वाक्य होते : ‘सदर जागा या विभागाच्या ताब्यात नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ उत्तर चुकीचे नव्हते. मात्र जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे सांगण्याची तसदी चार वर्षांत एकाही अधिकाऱ्याने घेतली नव्हती.

उद्यान विभाग उद्यान बांधतो आणि राखतो. जमीन मिळवून देणे त्याच्या हातात नसते. नागरिकाला प्रत्यक्षात मागायचे असते ते विकास आराखड्यातील आरक्षण, म्हणजे शहराच्या नियोजनात ती जमीन उद्यानासाठी राखून ठेवणे, आणि ते देण्याचा मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातून जातो. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘उद्यान बांधावे’ असे न लिहिता ‘अमुक भूमापन क्रमांकाची जमीन उद्यानासाठी आरक्षित करण्याकरिता कलम ३७ अन्वये फेरबदलाची कार्यवाही सुरू करावी’ असे लिहावे आणि पत्र महापालिकेच्या नगररचना विभागाला द्यावे.

जमीन कोणाची आहे

सर्वाधिक अर्ज याच मुद्द्यावर परत येतात. फाटकावर गंजलेल्या पाटीवर ज्या कंपनीचे नाव आहे तीच मालक, असे गृहीत धरून अर्ज लिहिले जातात. पण जमीन भाडेपट्ट्याची असू शकते, हस्तांतरित झालेली असू शकते, किंवा कंपनी अवसायनात (गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) जाऊन तिचा कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यक्तीकडे गेलेला असू शकतो. ज्या भागात नगर भूमापन झालेले आहे तेथे जुना सातबारा उपयोगाचा नाही, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) लागते. बंद झालेला सातबारा जोडल्यामुळे परत आलेले अर्ज मी इतके पाहिले आहेत की आता फाईल उघडताना प्रथम तोच कागद तपासतो. सातबारा चालू असेल, तर ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, कारण बोजा, भाडेपट्टा आणि वाद यांच्या नोंदी तेथेच सापडतात.

नवी मुंबईतील वाचकांनी विशेष काळजी घ्यावी. दिघ्यापासून नेरूळपर्यंतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण महानगरपालिका नसून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आहे. १९६२ साली स्थापन झालेले हे महामंडळ भूखंड सर्वसाधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते, त्यामुळे बंद कारखान्याचा चालक हा मालक नसून पट्टेदार असतो. अशा भूखंडावर महापालिका आरक्षण टाकू शकत नाही आणि डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीही तेथे लागू होत नाही. येथे अर्ज महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जातो. महापालिकेला केवळ प्रत द्यावी. महामंडळाच्या हद्दीबाहेर सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) हस्तांतरित न केलेला भूखंड असेल, तर पत्र सिडकोला.

जमीन खाजणाची (भरतीचे खारे पाणी येणारी) असेल आणि अभिलेखात ‘सरकार’ अशी नोंद असेल, तर विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तीच जमीन कांदळवन (खाऱ्या पाण्यातील तिवरांचे वन) म्हणून वनखात्याकडे वर्ग झालेली असेल, तर त्या खात्याच्या कांदळवन कक्षाकडे, आणि तेथे १९८० च्या वन कायद्याखालील केंद्राची मंजुरी आड येते. कळवा-मुंब्र्याकडील रेतीबंदरांसारख्या जुन्या धक्क्यांच्या जागी महाराष्ट्र सागरी मंडळाचा संबंध येतो. एकाच तुकड्याला यांतील तीन कार्यालये ‘आमची नाही’ म्हणतात, हा अनुभव नवा नाही. त्यावर उपाय एकच : भूमी अभिलेख कार्यालयाकडील मोजणीचा नकाशा. मोजणीसाठी सामान्यतः धारकच अर्ज करू शकतो. म्हणून पूर्वी झालेल्या मोजणीच्या नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

याखेरीज लागणारी कागदपत्रे साधी आहेत. नगररचना विभागाकडून मिळणारा भाग नकाशा व झोन दाखला (आराखड्यात जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे ते सांगणारा), जागेची चालू तारखेची छायाचित्रे आणि अर्जदाराचा पत्ता दाखवणारा एक पुरावा एवढे पुरते.

कोण अर्ज करू शकतो

फेरबदलाचा प्रस्ताव प्रसिद्ध झाल्यानंतर कलम ३७ नुसार हरकती व सूचना ‘कोणत्याही व्यक्तीकडून’ मागवल्या जातात. शेजारच्या सोसायटीचा ठराव, नोंदणीकृत संस्थेचे प्रमाणपत्र किंवा नगरसेवकाचे शिफारसपत्र यांतील काहीही कायदा मागत नाही. तरीही खिडकीवर हे कागद मागितले जातात आणि लोक दोन महिने ठराव मिळवण्यात घालवतात. कागद मागणाऱ्याला ‘कोणत्या नियमानुसार’ एवढे लेखी विचारावे. बहुतेक वेळा आवकचा (पत्र मिळाल्याचा) शिक्का लगेच उमटतो.

मुदत मात्र सर्वांना सारखीच आहे आणि ती चुकीची वाचली जाते. हरकतीसाठी सूचनेच्या तारखेपासून एक महिना मिळतो. वर्तमानपत्रातील जाहिरात काही दिवसांनी येते, ती आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आणखी आठवड्याने फिरते आणि लोक त्या दिवसापासून महिना मोजतात. राजपत्रातील सूचना आणि जाहिरात यांतील जी तारीख आधीची, तीच धरून चालावे. पत्र टपालात टाकल्याचा दिवसही उपयोगाचा नाही, आवक क्रमांक पडल्याचा दिवस मोजला जातो. शेवटच्या दिवशी दुपारी पोहोचलेल्या एका महिलेला ‘आवक आता बंद झाली’ असे सांगून परत पाठवल्याचे मी पाहिले आहे. कार्यालयाची वेळ संपलेली नव्हती, पण हे सिद्ध करायला त्यांच्याजवळ काहीच नव्हते.

पाचशे जणांच्या सह्यांचे एकसारखे छापील अर्जही मी सुचवत नाही. सुनावणीत ते एकत्र बांधून एक हरकत म्हणून ऐकले जातात. त्याऐवजी दहा जणांनी दहा वेगळी कारणे लिहावीत. कोणी पावसाळ्यात भरतीचे पाणी कोठवर येते ते, कोणी जवळच्या शाळेला मैदान नसल्याचे, तर कोळीवाड्यातील रहिवाशांनी होड्या लावण्याची जागा आणि तेथपर्यंतची वाट. हा शेवटचा मुद्दा कोणी लिहिलाच नाही, तर कुंपण पडल्यावर वाट बंद होते आणि उद्यानाच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट विनाकारण पडतात.

खाडीपासूनचे अंतर

ओहोटीच्या वेळी पाण्याच्या कडेपासून टेप धरून अंतर मोजणारे अर्जदार मला दरवर्षी भेटतात. किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्ट्याचे) अंतर पाण्यापासून नव्हे, तर उच्चतम भरती रेषेपासून जमिनीकडे मोजले जाते. २०११ च्या अधिसूचनेत खाडीसाठी ते १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते होते. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते झाले. परंतु नवे अंतर लागू होते ते २०१९ प्रमाणे किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच, म्हणून आपल्यापुढचा नकाशा कोणत्या अधिसूचनेचा आहे ते आधी त्यावर वाचावे.

यात भर म्हणजे ५० मीटरचा आणखी एक पट्टा असतो आणि दोन्हींची गल्लत होते. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा असतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर तेथे कांदळवनाला धक्का लावणारे कोणतेही काम न्यायालयाच्या परवानगीशिवाय होत नाही. बंद कारखान्याच्या मागच्या भिंतीबाहेर गेल्या वीस वर्षांत तिवर वाढलेला असेल, तर जुन्या नकाशात तो दिसत नसला तरी पट्टा त्यालाही लागू आहे. म्हणून अर्जात कारंजी, फरसबंदी व खाद्यगृहे यांची मागणी करू नये. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात निसर्ग पर्यटनाची तरतूद असेल, तर कांदळवनातील पायवाटेला वाव असतो. सिमेंटच्या मार्गिकेला तो नसतो. शिवाय ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे, हेही प्रस्तावाच्या आड येऊ शकते.

किनारा क्षेत्राची परवानगी नागरिकाने मागायची नसते. ती प्रकल्प राबवणारी यंत्रणा, म्हणजे महापालिका किंवा महामंडळ, मागते. तरीही ‘१:४००० प्रमाणाचा अधिकृत नकाशा जोडा’ असे उत्तर सामान्य अर्जदाराला मिळाल्याची उदाहरणे आहेत. असा नकाशा केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच तयार होतो आणि तो कोणत्याही घरगुती फाईलमध्ये असणे शक्य नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या संबंधित पानाची छापील प्रत घेऊन त्यावर भूमापन क्रमांक ठळक करून जोडावा आणि अधिकृत नकाशा सादर करण्याची जबाबदारी प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणेची आहे, असे त्याखाली लिहावे.

माती

जो कागद कोणाकडेच नसतो, तो मातीच्या तपासणीचा अहवाल. रंग, रसायने किंवा धातूवर मुलामा देणारा कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रे विकली जातात, छपराचे पत्रेही विकले जातात, पण टाक्यांखालची माती तेथेच राहते, आणि तिच्यात शिसे, क्रोमियम किंवा पारा असू शकतो. मुले ज्या गवतावर लोळणार, ते गवत त्याच मातीत उगवणार आहे. मातीचा अहवाल नसल्यामुळे प्रस्ताव थांबला तर मला राग येत नाही. आपण अहवाल मागवायचा आहे हे अर्जदाराला सांगितलेच जात नाही, याचा येतो.

नागरिकाने स्वतः भिंत ओलांडून नमुने आणू नयेत. तो अनधिकृत प्रवेश ठरतो आणि असा नमुना कोणीही मान्य करत नाही. प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत, आणि त्यांनुसार संशयित स्थळांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवायची असते. त्यानंतर मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची असते. तेव्हा आरक्षणाच्या अर्जासोबत दुसरे पत्र द्यावे : ही जागा संशयित स्थळांच्या यादीत घ्यावी. दोन्ही पत्रांचे आवक क्रमांक एकमेकांवर लिहावेत, म्हणजे पुढे एका टेबलाने दुसऱ्याकडे बोट दाखवले तरी तुमच्याकडे नोंद राहते.

आरक्षण मंजूर झाल्यावर

येथे बहुतेक गट विसर्जित होतात. जमीन खासगी असेल, तर आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. अंतिम विकास आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ अन्वये मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. ही नोटीस तुम्हाला कोणी दाखवत नाही. म्हणून दहावे वर्ष जवळ आले की अशी नोटीस आली आहे काय आणि ती कोणत्या तारखेची आहे, हे दर सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावे आणि उत्तर आल्याच्या आठवड्यातच आयुक्तांना कलम १२६ प्रमाणे संपादनासाठी लेखी कळवावे. त्याच्या एका प्रतीवर शिक्का मारून घ्यायला विसरू नये.