सिंधू संस्कृतीतील नगररचना

सिंधू संस्कृतीच्या परिपक्व काळात (सुमारे इ. स. पू. २६०० ते १९००) मोहेंजोदडो, हडप्पा, धोळावीरा, कालीबंगा, लोथल, राखीगढी इत्यादी ठिकाणी रस्ते, घरे, तटबंदी, विहिरी आणि गटारे यांची आखीव मांडणी आढळते. हडप्पा येथे १९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी, तर मोहेंजोदडो येथे १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी उत्खनन सुरू केले. १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या संस्कृतीचा शोध जाहीर केला. तोवर हडप्पाचे मोठे नुकसान होऊन गेले होते. १८५० च्या दशकात लाहोर–मुलतान रेल्वेमार्गाच्या भरावासाठी ठेकेदारांनी तेथील हजारो वर्षांपूर्वीच्या विटा गाड्या भरभरून नेल्या. त्यामुळे या संस्कृतीला ज्या शहराचे नाव मिळाले, त्याचाच आराखडा आज सर्वांत तुटक स्वरूपात हाती लागतो.

काटकोनात छेदणारे रस्ते ही या शहरांची रूढ ओळख आहे. मोहेंजोदडोचे मुख्य रस्ते उत्तर–दक्षिण असून काही सुमारे नऊ-दहा मीटर रुंद आहेत. आतल्या गल्ल्या मात्र वळणे घेत जातात. हरियाणातील बनावली येथे तर रस्ते तिरपे फुटलेले दिसतात. उंचावरचा बालेकिल्ला आणि खालची नागरी वस्ती अशी विभागणी बहुतेक ठिकाणी आहे, पण लोथलला दोन्ही भाग एकाच तटाच्या आत येतात. तेव्हा एकच नकाशा सगळीकडे गिरवला गेला, असे म्हणता येत नाही. सर्वत्र सारखी आढळते ती वीट. तिची जाडी, रुंदी आणि लांबी १ : २ : ४ या प्रमाणात असे. शेकडो किलोमीटर दूरच्या गावांतही हे माप पाळले गेले.

या नगररचनेचे खरे मोठेपण पाण्याच्या व्यवस्थेत आहे. मोहेंजोदडोमध्ये सुमारे ७०० विहिरी असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या पाचरीच्या आकाराच्या विटांनी गोल बांधलेल्या असत. पाचरीची वीट बाहेरून येणाऱ्या मातीच्या दाबाने अधिकच घट्ट बसते. घराघरांत न्हाणीघर असे. त्याची फरशी घासून गुळगुळीत केलेल्या विटांची असून तिला एका कोपऱ्याकडे उतार दिलेला असे. तेथून सांडपाणी भिंतीतील मोरीतून गल्लीतल्या गटारात आणि पुढे मोठ्या गटारात जाई. गटारांवर विटांची किंवा दगडी झाकणे होती आणि ती उचलून सफाई करता येई. अधूनमधून गाळ बसण्यासाठी खड्डे केलेले होते. घरांचे दरवाजे सहसा हमरस्त्यावर न उघडता गल्लीत उघडत. गटार एका घरापुरते बांधून भागत नाही. त्याचा उतार संपूर्ण पेठेसाठी एकदम ठरवावा लागतो आणि गाळ काढण्याची जबाबदारी कोणीतरी सतत सांभाळावी लागते. निर्विवाद राजवाडा अजून एकाही शहरात सापडलेला नाही, पण शहराचा कारभार चालत होता, याचा सर्वांत भक्कम पुरावा ही गटारेच आहेत. मोहेंजोदडोचे महास्नानगृह (सुमारे १२ × ७ मीटर, खोली २.४ मीटर) पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर देऊन बांधलेले होते.

कच्छच्या रणातील खदीर बेटावर असलेल्या धोळावीरा येथे प्रश्न नेमका उलटा होता. पाऊस तुटपुंजा आणि बारमाही नदी जवळ नाही. शहराच्या उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर हे पावसाळी ओढे आहेत. त्यांवर बांध घालून पाणी तटाच्या आतील प्रचंड तलावांत वळवले गेले. तलावांचे काही भाग खडक फोडून केलेले आहेत. जागेच्या नैसर्गिक उताराचा उपयोग करून एका तलावातील पाणी दुसऱ्यात उतरवले जाई. बाहेरचा तट सुमारे ७७१ × ६१७ मीटरचा असून त्याच्या आतील बराचसा भाग तलावांनी व्यापलेला आहे. येथे विटांबरोबर दगडाचा वापर सढळ आहे. बालेकिल्ला, मधले नगर आणि खालचे नगर अशी येथील रचना र. सिं. बिश्त यांच्या नेतृत्वाखालील उत्खननातून १९९० पासून उजेडात आली. २०२१ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

लोथल येथील विटांनी बांधलेल्या, सुमारे २१५ मीटर लांबीच्या हौदाला शि. रं. राव यांनी जहाजांची गोदी मानले. काही अभ्यासकांच्या मते तो पाण्याचा साठा होता.

उत्तरकाळात ही शिस्त सैल झाली. मोहेंजोदडोमध्ये मोठ्या घरांत आडभिंती घालून लहान खोल्या पाडल्या गेल्या, बांधकाम रस्त्यावर सरकले आणि पूर्वी वस्तीबाहेर ठेवलेल्या भट्ट्या निवासी भागात आल्या. धोळावीराच्या शेवटच्या वस्तीत गोलाकार झोपड्या दिसतात. इ. स. पू. १९०० च्या सुमारास मोठी शहरे ओस पडत गेली आणि वस्ती लहान खेड्यांत विखुरली. महाराष्ट्रात प्रवरा नदीकाठी दायमाबाद येथे उत्तर हडप्पा काळाचा थर सापडला आहे. या संस्कृतीच्या दक्षिणेकडील विस्ताराचा तो महत्त्वाचा पुरावा मानला जातो.