एचआयव्हीच्या गोळ्या कधी सुरू करायच्या? बदलत गेलेल्या उत्तराची पार्श्वभूमी

एचआयव्ही पॉझिटिव्ह अहवाल घेऊन एआरटी सेंटरवर (एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, मिळतात ते केंद्र) आलेल्या माणसाला आज 'सीडी-फोर किती आहे ते पाहून गोळ्यांचं ठरवू' असं कोणी सांगत नाही. (सीडी-फोर म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या, एचआयव्ही ज्यांना संपवतो त्या रक्तातल्या पेशी.) तपासण्या होतात, समुपदेशक बोलतात आणि होता होईल तितक्या लवकर औषध हातात पडतं. २०१७ पासून भारतात हाच नियम आहे. त्याआधी बरीच वर्षं हजारो लोकांना 'तुम्हाला इतक्यात गरज नाही, सहा महिन्यांनी या' असं सांगून परत पाठवलं जाई. सांगणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. हातात असलेली औषधं, त्यांची किंमत आणि आजाराबद्दलची तेव्हाची समज, या तिन्हींचा मेळ घालून काढलेलं ते उत्तर होतं.

या आजाराची ओळख झाली ती शेवटाकडून. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली होती. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला, १९८५ मध्ये रक्ताची चाचणी आली आणि मग मागे वळून पाहता आलं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७८ पासून हिपॅटायटिस बीच्या अभ्यासासाठी जमवलेले रक्ताचे नमुने फ्रीजरमध्ये पडून होते. ते तपासल्यावर कोणाला संसर्ग साधारण कधी झाला, हे कळू लागलं. उपचार नसतील तर संसर्गानंतर सुमारे १० वर्षांत निम्म्या लोकांना एड्स होतो, हा अंदाज अशा अभ्यासांतून आला.

ती १० वर्षं सारखी नसतात. संसर्गानंतर दोन-चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो, घसा धरतो, अंगावर पुरळ उठतं. साधा व्हायरल म्हणून ते अंगावर काढलं जातं. त्या काळात एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या लाखो प्रती असू शकतात. मग शरीर त्याला थोडंफार आवरतं, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, एका पातळीवर येऊन थांबतो आणि पुढची कित्येक वर्षं माणूस वरवर ठणठणीत असतो. सीडी-फोर पेशी मात्र कमी होत राहतात. निरोगी माणसात त्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य दाह, अन्ननलिकेतली बुरशी असे संधिसाधू आजार गाठतात. क्षयरोग तर २०० ची वाटही पाहत नाही, आणि आपल्याकडे एचआयव्हीबाधितांचा सर्वांत मोठा शत्रू तोच राहिला आहे.

दिसायला धडधाकट पण पॉझिटिव्ह, अशा माणसाचं करायचं काय, हे सुरुवातीला कायद्यालाही उमगलं नव्हतं. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणून त्यांना म्हापशातल्या क्षयरोग्यांच्या जुन्या आरोग्यधामात ६४ दिवस डांबून ठेवलं गेलं. औषध द्यायला नव्हतंच. होती ती फक्त कोंडण्याची तरतूद. १९९२ मध्ये ते गेले.

पहिलं औषध एझेडटी. मुळात १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवलेलं आणि तिथे निरुपयोगी ठरून बाजूला पडलेलं. एड्सच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली तेव्हा खोटी गोळी घेणाऱ्या गटात १९ मृत्यू झाले, औषध घेणाऱ्या गटात एक. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. दर चार तासांनी गोळी, रात्रीही उठून. मात्रा मोठी असल्याने रक्त कमी होई, मळमळ पाठ सोडत नसे. मग साहजिक प्रश्न आला: लक्षणं दिसण्याआधीच हे दिलं तर? ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये झालेल्या कॉन्कॉर्ड चाचणीचं उत्तर १९९३ मध्ये आलं. आधीपासून औषध घेतलेल्यांचे सीडी-फोर थोडे वाढले, पण तीन वर्षांनंतरही आजार लांबला नाही की आयुष्य वाढलं नाही. 'थांबा' या सल्ल्याला तिथे बळ मिळालं.

चूक वेळेची नव्हती, एकट्या औषधाची होती. हे उलगडलं जानेवारी १९९५ मध्ये. डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ या अमेरिकेतल्या संशोधकांच्या गटांनी रुग्णांना नवी औषधं देऊन रक्तातला विषाणू किती वेगाने घटतो ते मोजलं. तो दर दोनेक दिवसांत निम्मा होत होता. याचा अर्थ असा की औषध नसताना तितक्याच वेगाने नवा विषाणू तयार होत असला पाहिजे, तेव्हाच तर पातळी स्थिर दिसते. पुढच्या वर्षी रोजच्या उत्पादनाचा अंदाज निघाला: सुमारे १००० कोटी विषाणू. ज्या वर्षांना आजार 'झोपलेला' आहे असं म्हटलं जाई, त्या वर्षांत शरीर रोज नव्या पेशी घडवत होतं आणि विषाणू त्या रोज संपवत होता. मला विचाराल तर एचआयव्हीच्या इतिहासातला सर्वांत मोठा धक्का हाच आहे, कारण पुढचं सगळं यातून आलं. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. रोज इतक्या नकला म्हटल्यावर एका औषधाला चकवणारी नक्कल त्यात केव्हाच तयार असते. तीन औषधांना एकाच वेळी चकवणारी निघणं मात्र फार अवघड. १९९६ मध्ये प्रोटीएज हे विषाणूला लागणारं विकर रोखणारी औषधं हाताशी आली, तीन औषधांचा मारा सुरू झाला आणि श्रीमंत देशांत अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर जाऊ लागली.

आता 'लवकर आणि जोरात' अशी हाक आली, पण ती टिकली नाही. त्या नव्या औषधांपैकी इंडिनाव्हिर दिवसातून तीनदा, रिकाम्या पोटी आणि तांब्याभर पाण्याबरोबर घ्यावं लागे, नाहीतर मुतखडा होई. इतर काही औषधांनी गाल बसत, हातापायांची चरबी झडत असे. शिवाय १९९७ मध्ये कळलं की काही सीडी-फोर पेशींत विषाणू निपचित पडून राहतो. तिथे औषधाचं काही चालत नाही आणि गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो पुन्हा उसळतो. औषध जन्मभर घ्यायचं, तर इतका जाच लवकर कशाला सुरू करायचा? गाडी पुन्हा थांबण्याकडे वळली.

भारतात या चर्चेला पैशांची किनार होती. १९७० च्या पेटंट कायद्यामुळे आपल्या कंपन्यांना औषध वेगळ्या प्रक्रियेने बनवायची मुभा होती. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव १०,००० डॉलरच्या पुढे होता. आफ्रिकेतले उपचार त्याने बदलले. इथल्या गरीब रुग्णाला मात्र सरकारी मोफत गोळ्यांसाठी १ एप्रिल २००४ ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी निवडक सरकारी रुग्णालयांत वाटप सुरू झालं, मुंबईचं जे. जे. त्यांपैकी एक.

त्या गोळ्या म्हणजे बहुधा स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन. अंगावर पुरळ उठण्याची भीती असल्याने नेव्हिरॅपिन पहिले दोन आठवडे दिवसातून एकदाच द्यायचं, मग दोनदा. स्टॅव्हुडिनची मात्रा वजनावर ठरे; काही महिन्यांत तळपायांना मुंग्या येऊ लागत, पुढे गाल आत जात. आणि दाराशी आकडा उभा: २००. सीडी-फोर २३० आला आणि दुसरं मोठं दुखणं नसलं, की माणूस घरी. पुढच्या खेपेला तो क्षयरोग घेऊन यायचा, किंवा यायचाच नाही. मर्यादित गोळ्या आधी मरणाच्या दारातल्यांना द्यायच्या, हा न्याय होता, नाही असं नाही. पण तुटवड्यातून ठरलेली रेघ हळूहळू वैद्यकीय सत्यासारखी वाटू लागली.

ती रेघ तीन मोठ्या अभ्यासांनी पुसली. सीडी-फोर चांगले असताना औषध थांबवून पाहणारा स्मार्ट अभ्यास जानेवारी २००६ मध्ये आवरता घ्यावा लागला. औषध थांबवलेल्या गटात मृत्यू तर जास्त झालेच, पण हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे आजारही वाढले. मोकाट विषाणू प्रतिकारशक्तीपलीकडेही नुकसान करतो, हे त्यातून दिसलं. २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ चा निकाल आला. एक जोडीदार पॉझिटिव्ह असलेली १७६३ जोडपी त्यात होती, पुण्याची आणि चेन्नईचीही. जोडीदाराकडून लागण झाल्याची खात्री पटलेल्या २८ जणांपैकी २७ उशिरा औषध सुरू केलेल्या गटातले होते. आणि २०१५ मध्ये स्टार्ट अभ्यासाने दाखवलं की सीडी-फोर ५०० च्या वर असतानाच औषध सुरू केलं तर गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २०१० मध्ये ३५० वर, २०१३ मध्ये ५०० वर गेली होती. २०१५ मध्ये ती काढूनच टाकली.

दरम्यान औषधंही सुधारली. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर मिळून दिवसाला एक गोळी. नियमित घेतली तर तीन ते सहा महिन्यांत व्हायरल लोड मोजता येणार नाही इतका उतरतो आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. सीडी-फोर मात्र सावकाश चढतात. फार खाली गेल्यावर औषध सुरू केलेल्या अनेकांत ते वर्षानुवर्षं पूर्ववत होत नाहीत.

असे उशिरा येणारे रुग्ण आजही आहेत आणि त्यांच्यासाठी २०० चा आकडा वेगळ्या कामाला लागला आहे. त्याच्या खाली असलेल्याचा क्षयरोग शोधायचा, क्रिप्टोकॉकस बुरशीची रक्तचाचणी करायची, संधिसाधू आजार टाळणारं कोट्रिमोक्साझोल द्यायचं. कारण एआरटी सुरू होताच जागी झालेली प्रतिकारशक्ती लपलेल्या जंतूंवर तुटून पडते: ताप भडकतो, गाठी सुजतात आणि 'गोळ्यांनीच दुखणं वाढलं' म्हणून माणूस गोळ्या सोडतो. फुप्फुसाच्या क्षयात क्षयाची औषधं आधी आणि साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटी. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असेल तर चार ते सहा आठवडे थांबायचं.