पांढरी चार आणि काळी एक, एकाच वेळी

ऑर्गन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाट्यसंगीताची पायपेटी येते. पाश्चात्त्य चर्चमधला पाइप ऑर्गन हे मात्र निराळंच प्रकरण आहे. पायपेटीत धातूची पत्ती थरथरते. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांमध्ये खुद्द हवेचा स्तंभच कंप पावतो. आठ फुटी उघड्या नळीतून सेकंदाला साधारण 65 आवर्तनांचा स्वर निघतो, सोळा फुटीतून त्याच्या निम्म्या आवर्तनांचा.

1891 साली अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी गावच्या एका पोरानं या वाद्यासाठी एक खोडकर रचना केली. चार्ल्स आइव्ह्ज तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता आणि चौदाव्या वर्षापासून चर्चमध्ये पगारी वादक होता. चाल घेतली ‘गॉड सेव्ह द किंग’ची. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडेही सरकारी समारंभांत ती वाजायची. अमेरिकेत त्याच चालीवर ‘अमेरिका’ नावाचं देशभक्तीपर गीत गायलं जायचं. ‘व्हेरिएशन्स ऑन अमेरिका’ (म्हणजे ‘अमेरिका’च्या चालीचे फेरबदल) या रचनेत आइव्ह्जनं ती चाल उलटीसुलटी केली, नाचवली, आणि मधल्या एका तुकड्यात तर चक्क दोन पट्ट्यांत एकदम वाजवली. एक हात पांढरी चारमध्ये (पाश्चात्त्यांचा एफ), दुसरा काळी एकमध्ये (त्यांचा डी फ्लॅट).

हे कानाला का बोचतं? दोन्ही पट्ट्यांतले सा-ग-प शेजारी ठेवून पाहा. पांढरी चारचा षड्ज हाच काळी एकचा गंधार, म्हणजे एक स्वर दोघींच्या मालकीचा. बाकीचे मात्र भांडतात. पांढरी चारचा पंचम मध्य सप्तकात 262 आवर्तनांचा, आणि त्याला खेटून काळी एकचा षड्ज 277 चा. फरक सुमारे पंधराचा. इतक्या जवळचे दोन स्वर कानाच्या आतल्या पडद्यावर जवळपास एकाच जागी आदळतात, म्हणून ते वेगळे न ऐकू येता सेकंदाला पंधरा वेळा फडफडणारा एक खरखरीत आवाज ऐकू येतो. आइव्ह्जनं पुढे आठवणींत लिहिलं आहे की, ब्रूस्टर गावच्या कार्यक्रमात अशी काही पानं वाजवायला वडिलांनी मनाई केली होती, कारण ती ऐकून पोरं हसत सुटायची. गंमत म्हणजे हे वडील, जॉर्ज आइव्ह्ज, स्वतः बँडमास्तर होते आणि घरात मुलांना एका पट्टीत गायला लावून साथ दुसऱ्या पट्टीत करायचे.

रचना मग कित्येक दशकं बासनात पडून राहिली. ऑर्गनवादक ई. पॉवर बिग्ज यांनी ती उजेडात आणली आणि 1949 साली ती छापली गेली. 1963 मध्ये संगीतकार विल्यम शूमन यांनी तिचं वाद्यवृंदासाठी रूपांतर केलं. मे 1964 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं ते पहिल्यांदा वाजवलं.

रूपांतर म्हणजे स्वर एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवणं, असं कुणाला वाटेल. पण ऑर्गनचा आवाज मुळात बेरजेचा असतो. तानपुऱ्यात आपण स्वयंभू गंधार ऐकतो. ऑर्गनमध्ये तो वेगळ्या नळीतून विकत आणावा लागतो. आठ फुटांचा तिसरा हिस्सा लांबीची नळी वरच्या सप्तकातला पंचम देते, पाचवा हिस्सा त्याहून वरचा गंधार. वादक खटके ओढून हे उपस्वर मूळ स्वरात मिसळतो. फ्रेंच संगीतकार रावेल यांनी ‘बोलेरो’ या रचनेत (1928) नेमकी हीच युक्ती वाद्यवृंदात आणली: हॉर्न चाल वाजवतो, आणि दोन पिकोलो (उंच स्वराच्या छोट्या बासऱ्या) तीच चाल त्या उपस्वरांवरून वाजवतात. नीट जमलं तर पिकोलो ऐकूच येत नाहीत, फक्त हॉर्नचा रंग बदलतो.

आइव्ह्जच्या दोन पट्ट्यांना मात्र मिसळून चालत नाही, त्यांचं भांडण ऐकू यायला हवं. ऑर्गनवर पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच येतो, आणि बोट उचलेपर्यंत तो तसूभर हलत नाही. त्यामुळे ती फडफड गोठल्यासारखी राहते. वाद्यवृंदात वेगळ्या रंगाची वाद्यं, वेगळ्या जागी बसलेली माणसं, व्हायोलिनवाल्याच्या बोटाची थरथर. कान लगेच गट पाडतो: हे एक टोळकं, ते दुसरं. खरखर थोडी उतरते, विनोद मात्र जास्त स्पष्ट होतो. मला ऑर्गनचीच खरखर आवडते, पण हसू शूमनच्या रूपांतरात आधी येतं. तालवाद्यांत कॅस्टानेट्ससुद्धा (हातात धरून वाजवायच्या लाकडी टाळ्या) घालून त्यांनी त्या हसण्याला हातभारच लावला आहे.

एका जागी तर मूळ वाद्यच अडचणीत येतं. शेवटच्या व्हेरिएशनवर आइव्ह्जची सूचना आहे: पायपट्ट्या जितक्या वेगानं जातील तितक्या वेगानं. आता सोळा फुटी नळीचं एक आवर्तनच 30 मिलिसेकंदांचं. हवेचा स्तंभ नीट डोलू लागायला अशी अनेक आवर्तनं जावी लागतात, तोवर पाय पुढच्या स्वरावर पोचलेला असतो. वर चर्चचा घुमारा. म्हणून पायांनी ही धाव घेणं आइव्ह्जला बेसबॉल खेळण्याइतकंच मजेचं वाटलं, तरी मागच्या बाकावर बसलेल्याला त्यातला बराच भाग गुरगुरीसारखाच ऐकू येत असणार.

1968 मध्ये विल्यम ऱ्होड्स यांनी शूमनच्या रूपांतरावरून बँडसाठी आणखी एक रूपांतर केलं. तेव्हापासून ही रचना अमेरिकेतले बँड वाजवत आले आहेत. बँडमास्तर जॉर्जच्या पोराची ही थट्टा अशी फिरून बँडवाल्यांच्याच हाती आली.