छापील डायपोलची पट्टी रुंद का करायची?

6 गिगाहर्ट्झचा खालचा पट्टा, म्हणजे 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ, वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा केंद्र सरकारने 2025 मध्ये काढला. त्यानंतर बोलणं झालं ते इंटरनेटच्या वेगाचं. माझं लक्ष गेलं राउटरमधल्या तांब्याच्या पट्टीकडे, म्हणजे त्याच्या अँटेनाकडे. 2018 पासून आपल्याकडे 5150 ते 5875 मेगाहर्ट्झ, मधला थोडा भाग सोडून, खुला आहे. ही व्याप्ती मध्य वारंवारतेच्या 13 टक्के भरते. नवा पट्टाही त्याच अँटेनाने सांभाळायचा, तर तीच 22 टक्क्यांवर जाते.

डायपोल म्हणजे मधोमध तोडलेली, अर्ध्या तरंगलांबीहून किंचित आखूड पट्टी. सर्किट बोर्डावर छापली की छापील डायपोल. या वारंवारतेला ती जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. लांबी जमली की अँटेना जमला, असा समज सर्रास आढळतो. पण लांबीने ठरते ती मधली वारंवारता. तिच्या दोन्ही बाजूंना अँटेना किती दूरवर काम देईल, ते बरंचसं रुंदीवर अवलंबून असतं.

पट्टीत प्रवाह मागेपुढे होताना टोकांशी प्रभार साचतो, तिथे विद्युत क्षेत्र तयार होतं. प्रभार परत फिरला की मधल्या भागाभोवती चुंबकीय क्षेत्र. ऊर्जा अशी पट्टीजवळच रूपं बदलत राहते आणि दर आवर्तनात तिचा काही भाग लहरी होऊन निघून जातो. साठा मोठा आणि गळती थोडी असली की अँटेना एकाच सुराला, म्हणजे एकाच वारंवारतेला, चिकटतो. देवळातली घंटा बराच वेळ घुमते, म्हणूनच तिचा सूर इतका पक्का असतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. गळती ठरते प्रवाहावर आणि लांबीवर; पट्टी अर्धा मिलिमीटर रुंद आहे की चार, याने दूर जाणाऱ्या लहरींत फारसा फरक पडत नाही. साठ्याला मात्र पडतो. अरुंद पट्टीवर प्रभार दाटीने बसतो, कडेचं क्षेत्र तीव्र होतं, आणि ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे साठा फुगतो. पट्टी रुंद केली की प्रभार पसरतो, साठा घटतो, गळती जवळपास तेवढीच राहते. बँडविड्थ, म्हणजे अँटेना काम देतो त्या वारंवारतांची व्याप्ती, वाढते ती अशी.

मात्र हा साठा लांबी-रुंदीच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमप्रमाणे, म्हणजे फार सावकाश, बदलतो. पाठवलेल्या शक्तीचा नववा हिस्सा परत आला तरी चालेल असं धरलं, तर हवेतल्या डायपोलचा ढोबळ हिशोब असा: अर्धा मिलिमीटर रुंदीला बँडविड्थ सुमारे 12 टक्के, चार मिलिमीटरला सुमारे 23. रुंदी आठपट, फायदा दुप्पट.

पुढे आकार बदलावा लागतो. दोन्ही भुजा, म्हणजे पट्टीचे दोन अर्धे भाग, टोकाकडे रुंदावत नेल्या की 'बो-टाय' होतो. ऑलिव्हर लॉज यांच्या 1898 च्या पेटंटात असे आकार आहेत. शिवाय केबल असंतुलित, डायपोल संतुलित: डायपोलच्या दोन्ही बाजू सारख्या, केबलचे दोन वाहक तसे नसतात. त्यांना जोडणारा भाग, म्हणजे बालुन, थोड्याच वारंवारतांना चालणारा असला तर रुंद भुजांचा फायदा तिथेच संपतो.

'सिग्नल वाढवणारे' म्हणून विकले जाणारे स्टिकर मोबाइलला चिकटवू नका. अँटेनाजवळ कुठेही धातू आणला तर त्याचा सूर सरकतो, बहुधा नको त्या दिशेला. आणि अँटेना विकत घेताना परावर्तनाच्या, म्हणजे किती शक्ती परत आली ते दाखवणाऱ्या, सुबक आलेखावर भुलू नका. ऊर्जा खाणाऱ्या स्वस्त बोर्डावरही बँडविड्थ रुंद दिसते, कारण परत न आलेली शक्ती लहर न होता उष्णता झालेली असते. कार्यक्षमतेचा आकडा वेगळा मागा.