मुलाखती जोडल्या म्हणजे पद्धती मिसळल्या असे नव्हे

‘प्रस्तुत संशोधनात मिश्र पद्धतीचा अवलंब केला आहे’ हे वाक्य हल्ली शिक्षणशास्त्र आणि समाजकार्याच्या प्रबंधांत सर्रास आढळते. पुढे पाहावे तर एका प्रकरणात तीनशे जणांची प्रश्नावली, दुसऱ्यात पंधरा जणांच्या मुलाखती, आणि एका प्रकरणाला दुसऱ्याचा पत्ताही नसतो. असे संशोधन चांगले असू शकते, पण ते बहुपद्धती संशोधन होय. मिश्र पद्धती, म्हणजे संख्यात्मक (आकड्यांची) आणि गुणात्मक (मुलाखती, निरीक्षणे यांची) पद्धत एकमेकींत गुंफणे, हे नाव त्याला लावणे चूक आहे, आणि मौखिकीतही या चुकीवर सहसा कोणी बोट ठेवत नाही याचे मला वाईट वाटते.

संख्यात्मक बाजूची वाचकाला सवय असतेच, त्यामुळे तिच्याबद्दल येथे काही सांगत नाही. प्रश्नावली आणि मुलाखती ही दोन्ही कामे एकाच वेळी केली की एकामागून एक, कोणत्या बाजूला अधिक वजन दिले, हे प्रश्नही दुय्यम आहेत. आराखड्याचे नाव त्यावरून ठरते, संशोधनाची जात ठरत नाही. जात ठरते ती एका पद्धतीच्या निष्कर्षाने दुसऱ्या पद्धतीच्या कामात काही बदल घडवला की नाही, यावरून. मुलाखतींचे प्रकरण प्रबंधातून काढून टाकले आणि आकडेवारीचा अर्थ तसूभरही बदलला नाही, तर पद्धती शेजारी बसल्या होत्या, मिसळल्या नव्हत्या.

मिसळणे कसे असते ते पाहायचे तर ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावाचा अभ्यास पाहावा. तेथील कापडगिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले होते, आणि मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांचा 1933 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास ‘मिश्र पद्धती’ ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. घराघरांत जाऊन केलेल्या निरीक्षणांतून संशोधकांनी कुटुंबांच्या वृत्तीचे चार प्रकार ठरवले: खंबीर, निमूट सोसणारी, हताश आणि उदासीन. हे काम निखळ गुणात्मक होते. त्यानंतर त्यांनी प्रत्येक प्रकारातील कुटुंबांचे दरडोई मासिक उत्पन्न काढले, तेव्हा ते अनुक्रमे 34, 30, 25 आणि 19 शिलिंग भरले. (लहान मुले पूर्ण डोके म्हणून न धरता हा हिशेब केला होता.) वर्णनातून आलेल्या चौकटीत आकडे बसवल्यावर जे दिसले, ते म्हणजे मनाची पडझड उत्पन्नाबरोबर पायरीपायरीने उतरते हे, केवळ निरीक्षणातून किंवा केवळ उत्पन्नाच्या तक्त्यातून दिसले नसते.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे, तर समजा बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या उपस्थितीचा अभ्यास करायचा आहे. हजेरीपटांवरून गळीत हंगामातील घट मोजता येते. बहुपद्धती संशोधक त्यानंतर सोयीने भेटतील त्या दहा पालकांच्या मुलाखती घेईल. मिश्र पद्धतीचा संशोधक मात्र आईवडील कारखान्यावर गेलेले असूनही ज्यांची हजेरी टिकून राहिली, ती मुले हजेरीपटातूनच शोधून काढील आणि त्यांच्याच घरी जाईल, कारण आकड्यांनी उभा केलेला प्रश्न तेथे आहे. एकट्याने पीएच.डी. करणाऱ्याने हीच वाट धरावी असे माझे ठाम मत आहे. दोन्ही कामे एकदम हाती घेतली की शेवटी सांधायला वेळ उरत नाही.

बारा मुलाखती घेऊन ‘75 टक्के पालकांच्या मते’ असे लिहिणे हे या गल्लतीचेच अपत्य आहे. नऊ पालक म्हणजे नऊ पालक. त्यांना टक्केवारीचा मुलामा दिल्याने मुलाखत संख्यात्मक होत नाही, उलट त्या नऊ जणांनी काय सांगितले ते मात्र हरवते. त्रिकोणीकरणाचा, म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळ्या पद्धतींनी तपासून पाहण्याचा, अर्थही असाच आकसला आहे: दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर दिले की विश्वसनीयता सिद्ध झाली, आणि नाही दिले तर मुलाखतींमधील गैरसोयीचा भाग परिशिष्टात ढकलायचा. प्रश्नावलीत समाधानी दिसणारी शिक्षिका मुलाखतीत बदलीसाठी धडपडत असल्याचे सांगते, तेव्हा संशोधकाने तिच्याकडे, आणि ‘समाधान’ मोजणाऱ्या त्या प्रश्नाकडेही, पुन्हा जायला हवे.